घर लिहिलं, आठ झालं

आमच्या पंतोजीणबाईंची गोष्ट सांगते. पंतोजीण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अजून शिक्षिका झालेली नव्हती तेव्हा, व्हायची होती. पण बोट नाचवत दुसऱ्याला समजावून सांगायची खोड जन्माचीच, म्हणून हे नाव मी ठेवलं. कॉलेज इथे असल्यामुळे राहायला माझ्याकडे. मी कपडे शिवते. घरात एक शिलाई मशीन आणि एक माझं तोंड, दोन्ही दिवसभर चालू.

शिक्षिका व्हायचं तर आधी मुलांत राहून बघावं, असं तिच्या डोक्यात आलं. बरं, मग गल्लीतली साधी शाळा बघावी की नाही? छे! बाईसाहेब गेल्या न दिसणाऱ्या मुलांच्या शाळेत. संध्याकाळच्या अभ्यासाला बसायचं, फुकट.

"मावशी, त्या मुलांना माझी गरज आहे," डोळ्यांत पाणी आणून म्हणाली.

"त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं. तर रुसून न जेवताच झोपली.

पहिल्या दिवशी वर्गात शिरली आणि एकेक शब्द मोठ्यांदा, सावकाश बोलायला लागली. "मी... तुमची... नवी... ताई!" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ताई, आम्हाला दिसत नाही. ऐकू चांगलं येतं." ही बोलणारी मुलगी म्हणजे रेडिओ. वय तेरा, शाळेतली प्रत्येक बातमी हिच्या तोंडून निघायची, कधीकधी घडायच्या आधीच.

मग मुलांनी लाडीगोडी लावली, ताई गोष्ट वाचून दाखवा ना. हिने पुस्तक उघडलं आणि दिवा गेला. बाहेर अंधार पडलेला.

"अरे, लाइट गेली," ही म्हणाली.

"गेली का? आम्हाला काय कळणार!" सगळा वर्ग एका सुरात.

चाचपडत दाराकडे निघाली तर कचऱ्याच्या डब्यात पाय. ताई, डावीकडे बाक आहे. ताई, डोकं सांभाळा. ताई, हळू हं, सवय नाही तुम्हाला. आणि बटण रेडिओच्या बोटाखाली! घरी आली ती गुडघा चोळत. "फार वाईट मुलं आहेत गं," म्हणाली आणि खो-खो हसली. तेव्हाच मी समजले, ही आता तिथलीच झाली.

मग तिने ब्रेल शिकायला घेतलं आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. खाचा असलेली एक पाटी, तिच्यात जाड कागद अडकवायचा आणि टोच्याने ठिपके टोचायचे. टक टक टक. मी काजं करतेय आणि समोर ही टोचतेय. त्यातली मेख अशी, की टोचायचं एका बाजूने आणि वाचायचं कागद उलटून, कारण उंचवटे पलीकडे येतात. म्हणजे लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं, आणि शिवाय प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखं उलटं टोचायचं. कापडाची उलटी बाजू वर घेऊन कापण्यातलाच प्रकार. मी उमेदवारीत असताना एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या, त्यामुळे मला हसायचा अधिकार नाही; तरी मी हसले.

आता लवंगी. सात वर्षांची, काडीसारखी, शाळेच्या वसतिगृहात नवीनच आली होती. वाचायला आधीच शिकलेली, बोटं भराभर चालायची. पण कुणाशी खेळायची नाही, बोलायची नाही. दारातून कुणीही आलं की एकच प्रश्न, "घरी कधी?" शाळेचा नियम असा, की नवीन मूल रुळेपर्यंत घरी पाठवायचं नाही. मोठी सुट्टी लागायला अजून दोन महिने. तिची आई दोन बस बदलायच्या अंतरावर, इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी. बदली माणूस दिल्याशिवाय मालक सुट्टी देईना, आणि बदली कोण उभं राहणार? त्यामुळे लवंगीला सगळे सांगायचे, "लवकरच हं, बाळा." पोरगी त्या लवकरच शब्दाला इतकी विटली होती, की तो ऐकला की कानांवर हात ठेवायची.

पंतोजीणबाईंचं काळीज तुटलं. काळीज तुटलं की हिची अक्कल आधी गहाण पडते. लवंगीने विचारलं, "ताई, घरी कधी?" आणि हिने काय करावं? लवकरच म्हणायचं नाही म्हणून पाटी काढली, दोन अक्षरं टोचली आणि कागद पोरीच्या हातात ठेवला. काय लिहिलं, तर घर! घरासाठी रडणाऱ्या लेकराला घर लिहून द्यायचं, म्हणे तेवढंच हाताला लागेल. मी तिथे असते तर एक धपाटा घातला असता.

लवंगीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

"खरंच?" तिने विचारलं.

"खरंच! मी खोटं कशाला लिहीन?" ही म्हणाली, फुशारून.

दुसऱ्याच मिनिटाला रेडिओ सुरू. "लवंगी आठ दिवसांनी घरी जाणार! ताईंनी लिहून दिलंय!"

"अगं, मी घर लिहिलं," पंतोजीण पुटपुटली.

रेडिओने कागदावर बोट टेकवलं. "आठ लिहिलंय, ताई. तुम्ही निघालात उजवीकडूनच, पण अक्षरं उलटवायला विसरलात. घ नाही उलटवला की आ होतो, र नाही उलटवला की ठ होतो." मग तिने हिच्या पिशवीतले सरावाचे बाकीचे कागदही मागून घेतले आणि एका ठिकाणी बोट थबकलं. "ताई, हे काय लिहायचं होतं?"

"जा."

"हघ झालंय."

एका अक्षराचा काय तो फरक, पण मुलांना तेवढा पुरला. वर्ग बाकांखाली लोळायला लागला. लवंगी तेवढी लोळली नाही. ती कागद पोटाशी धरून बसली होती.

त्या दिवसापासून शाळेत हिचं नाव आठताई.

घरी येऊन ही माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली. "मी खोटं नाही लिहिलं गं मावशी, चुकीचं लिहिलं."

"त्या लेकराला दोन्ही सारखंच," मी म्हटलं. मला खरंच संताप आला होता. सगळ्या मोठ्या माणसांनी तोंडी थापा मारल्या, आणि ही शहाणी लेखी मारून आली! "उद्या जा आणि सरळ सांग तिला."

गेली. सांगायला तोंड उघडलं, तर लवंगी बोटं मोजत होती. म्हणाली, "आता सात." ही न सांगताच मागे फिरली. मग गेली मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे. त्यांच्या कपाळावर आधीच आठ्या. म्हणाल्या, "आमची मुलं जगात ठिपक्यांच्या भरवशावर चालतात. तो भरवसा तुम्ही मोडला तर पुन्हा त्या पोरीला पुस्तक हातात धरायला लावणं अवघड आहे. नियम मात्र मी मोडणार नाही. घरी जाता येणार नाही."

पंतोजीणबाईंनी विचारलं, "जाता येणार नाही. घराला इकडे येता येईल का?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "येण्याबद्दल नियमात काही नाही," म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, घर इकडे यायचं तर इस्त्रीला कोण उभं राहणार? मला कळेपर्यंत माझं नाव पक्कं झालं होतं. "मावशी, तुला इस्त्री येते ना गं?" असं ती गोड आवाजात म्हणाली तेव्हाच मी मशीन झाकून पळायला हवं होतं. शिव्या देत देत आठव्या दिवशी पहाटे उठले, दोन बस बदलल्या आणि त्या दुकानात उभी राहिले. कशाला आलेय ते सांगितलं, तशी लवंगीची आई माझ्याकडे बघतच राहिली. मग हात धुतले आणि बसकडे पळत सुटली. दिवसभर मी परक्या लोकांचे सदरे सरळ केले, एका कॉलरला तपकिरी डाग पाडला, आणि मालक बोलायला आला तेव्हा त्याला असा झापला की पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

तिकडे शाळेत काय झालं ते पंतोजीणीने रात्री जेवताना सांगितलं. सकाळपासून लवंगी फाटकाशी बसून होती. रेडिओ मिनिटामिनिटाला बातम्या देत होती आणि आमच्या बाईंच्या नाकी नऊ आले होते. बस आली. आईने हाक मारली नाही, नुसतं येऊन समोर बसली. लवंगीने तिचा हात धरला, मनगटावरच्या चटक्याच्या डागावर बोट फिरवलं, आणि जी बिलगली ती दुपारपर्यंत सुटली नाही. दोघी पायरीवर बसून राहिल्या. रेडिओसुद्धा गप्प होती म्हणे.

आई गेल्यावर लवंगी रडली. पुरती रडून झाल्यावर आमच्या बाईंच्या जवळ आली, ओढणी धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "ताई, तुम्ही घरच लिहिलं होतं. मला लगेच कळलं होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आई आली असती का?"

मी हातातला घास तसाच ठेवला. सात वर्षांची पोर! सगळ्या शाळेला, मोठ्या बाईंना, मला, त्या दुकानाच्या मालकाला, सगळ्यांना आठ दिवस बोटांवर नाचवलं! मी हसायला लागले आणि हसता हसता रडले, आणि आमची पंतोजीण तर दोन्ही एकदमच करत होती.

लवंगी नंतर रुळली. सुट्टीला निघाली त्या दिवशी तिने हिच्या हातात कागद ठेवला. हिने डोळे मिटून बोटाने वाचला. बरोबर लिहिलेलं, स्वच्छ, आठ.

"आठ काय गं? आठ दिवसांनी परत येतेस?"

"तुम्ही लिहिता तसं वाचा ना, ताई," लवंगी म्हणाली आणि आईचा हात धरून निघून गेली.

पंतोजीण आता त्याच शाळेत पगारी शिक्षिका आहे. अक्षरं उलटवते, क्वचित विसरते. तो कागद मी आमच्या दाराला कडीच्या वर चिकटवलाय. लवंगी अधूनमधून माझ्याकडे राहायला येते. जिना चढते, दारावर बोट फिरवते आणि बाहेरूनच ओरडते, "मावशी, आठ आलं! दार उघडा!"