खोक्यातलं वरचं एक

भिवंडीचं ते गोदाम मी आजपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या साली मी दिवसातून चारदा तिथे जाऊन येत होते. शिरूर कासारला आमच्या कापडाच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे पाय पसरून बसायचं, पुढ्यात बाळांच्या गोधड्यांचा ढीग, पत्र्याच्या फटीतून आलेलं दुपारचं ऊन हळूहळू एका गोधडीवरून दुसरीवर सरकतंय, आणि मी मनानं तिकडे. गावाएवढं मोठं छप्पर. त्याखाली फळ्याच फळ्या. त्यातल्या एका फळीवर आमची गोधडी घडी घालून निवांत पडलेली. मग कुठल्याशा शहरातली कुणी बाई मोबाइलवर बोट टेकवणार आणि आमची गोधडी उठून तिच्या घराकडे निघणार. अम्मी म्हणायची, ही पोरगी चुलीपुढे बसली की भाकरी करपलीच म्हणून समजा. तिचं काही खोटं नव्हतं.

गोधड्यांची कल्पना माझी. दुकानात ताग्याच्या शेवटाला उरणारे मऊ सुती तुकडे पडून असायचे. त्यांच्या लहान गोधड्या करून मोबाइलवरच्या एका मोठ्या दुकानात विकायच्या, असं मी ठरवलं. त्या दुकानाचा नियम असा, की माल आधी सगळा त्यांच्या गोदामात पाठवायचा, पुढे ते विकणार आणि तेच घरोघरी पोचवणार. शिवायला मी गल्लीतल्या दोघींना बोलावलं, एक सासू आणि एक तिची सून. सासूला सगळी गल्ली मावशी म्हणते, मीही म्हणते. वीसेक हंगाम तिनं ऊस तोडला होता. शेवटी गुडघे गेले, तेव्हा चार शेळ्या पाळून घरी बसली. "आता उसाचं पाचट बी बगायचं न्हाई," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सून विशी-बाविशीची, कमी बोलणारी, आणि तिचा धावदोरा इतका सरळ की पट्टी लावून ओढल्यासारखा.

सुनेला सहावा महिना होता. आदल्या साली ती नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती आणि तिथे उसाच्या फडातच तिचं पोट पडलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब असतो. एकट्या माणसाला टोळीत कोणी घेत नाही. म्हणजे नवरा निघाला की तिलाही निघणं आलं. पण मावशीनं यंदा मुकादमाला, म्हणजे टोळी गोळा करून नेणाऱ्याला, अजून शब्द दिला नव्हता. तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "आमच्या गोधड्या दसऱ्यापत्तूर मोबाइलात इकायला लागल्या, तर आमच्यातलं कुनी येनार न्हाई. न्हाई लागल्या, तर घिऊन जा दोघांला." सून ते ऐकत होती. त्यानंतर तिनं टाका घालताना मान वर करणं जवळजवळ सोडून दिलं.

दोनशे गोधड्या झाल्या. पाच खोकी, प्रत्येकात चाळीस. शिवण्यापेक्षा पाठवण्याचे सोपस्कार भारी. प्रत्येक गोधडी पारदर्शक पिशवीत घालायची. पिशवीवर रेघांचा कोड चिकटवायचा, तो घडीवर मोडता कामा नये. खोक्यावर वेगळा कागद, त्यावर आत किती नग आहेत ते. खोकं ठरलेल्या वजनाच्या वर गेलं नाही पाहिजे. कोडचे कागद छापून आणायला मी दोनदा बीडला गेले, कारण पहिल्या खेपेची शाई बोट लागलं की पसरत होती. पिशवीवर एक इशारा छापलेला होता. मावशीनं विचारलं, "काय लिवलंय त्याच्यावर?"

मी म्हणाले, "लहान मुलांपासून दूर ठेवा."

"आगं बया! गोधडी लेकराची, अन् लेकरापून लांब ठिवा? कावून पाठवायली मग?"

सून त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मलाही इतकं हसू आलं की हातातली चिकटपट्टी भलत्याच जागी बसली.

खोकी भरायचं काम मावशीनं स्वतःकडे घेतलं. ती मोजायची ते जुन्या चालीनं, खळ्यावर धान्य मापताना मोजतात तसं. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन, तीन..." तिचा आवाज एका सुरात चालायचा आणि माझे डोळे मिटायला लागायचे. दोरा ओढल्याचा आवाज, बाहेर शेळीचं ओरडणं, आणि तो लाभ-दोन-तीनचा सूर. मला वाटायचं, ही दुपार संपूच नये, आम्ही तिघींनी असंच बसून राहावं आणि खोकी आपोआप भरत जावीत.

पहिल्या खोक्याला पट्टी लावायला मी वाकले, तेव्हा वरची गोधडी नजरेत भरली. तिच्या पिशवीवर कोड नव्हता. मी मोजलं. एकेचाळीस.

"मावशी, एक जास्त झाली."

"झाली न्हाई, मी घातली. लेकराची वस्तू नेमकी मोजून देऊ न्हाई. वर एक द्यावं लागतं. आमच्यात बारशाला खन बी नेमके देत न्हाईत." पाच खोक्यांच्या पाच गोधड्या तिनं घरी बसून, आम्हाला न सांगता, स्वतःच्या तुकड्यांतून शिवल्या होत्या.

आता खरं सांगते. ती गोधडी मला काढता आली असती. फॉर्मात मी चाळीस लिहिलं होतं आणि चाळीसच जायला हव्यात, हे मला कळत होतं. पण मी हातात ती गोधडी धरून उभी राहिले आणि भलतंच बघत बसले. गोदामातला कुणीतरी थकलेला माणूस खोकं उघडतोय, मोजतोय, एक जास्त निघते, तो हसतो, घरी नेतो, त्याच्या बाळाच्या अंगावर घालतो. ते चित्र मला इतकं आवडलं की मी गोधडी परत ठेवली आणि वर पट्टी ओढली. कमी दिलं तर माणूस भांडेल, जास्त दिल्यावर कोण भांडतं? पाचही खोकी तशीच बंद झाली. जीपमधून बीड आणि तिथून टेम्पोनं पुढे.

खोकी पोचली त्या दिवशी मोबाइलवर हिरवी खूण आली. दुसऱ्या दिवशी लाल. कळवलेला माल आणि आलेला माल जुळत नाही, कोड नसलेल्या वस्तू आढळल्या, सर्व खोकी तपासणीसाठी थांबवली आहेत. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. मी फोन लावला, तर यंत्र बोललं. मी लिहून पाठवलं, की त्या पाच जास्तीच्या गोधड्या तुम्हाला आमच्याकडून भेट समजा, बाकीच्या सोडा. उत्तर आलं, की तुमची गैरसोय आम्ही समजतो. माझ्या आयुष्यात इतकी हसण्यासारखी गोष्ट दुसरी घडली नसेल, आणि मला हसू येत नव्हतं. मी रोज पन्नास वेळा मोबाइल उघडायचे. गोदाम आता माझ्या डोळ्यांपुढे अंधारं दिसायचं. एका कोपऱ्यात पाच खोकी, त्यांच्याजवळ कुणी फिरकत नाही.

सून काही विचारायची नाही. रिकामी बसवेना म्हणून दुकानातले तुकडे रंगांप्रमाणे लावत राहायची. एकदाच म्हणाली, "आपा, लाल गेलं का?" मी नकाराची मान हलवली. तिनं हातातल्या तुकड्याची पुन्हा घडी घातली, घडी घातलेलाच होता तो.

दसरा झाला. सोमवारी ट्रक येणार असं मुकादम सांगून गेला. रविवारी मी मावशीच्या घरी गेले. मला वाटलं होतं बांधाबांध चालली असेल, आणि चाललीच होती. पीठ, मीठ, ताडपत्री, दोन कोयते. पण कपड्यांच्या गाठोड्यात मावशीची लुगडी होती.

"मी चाललेय," ती म्हणाली. "लेकाबरूबर. कोयता पुरा व्हतोय."

"मावशी, तुमचे गुडघे?"

"गुडघे काय, घरी बी दुकत्यात अन् फडात बी दुकत्यात. वरचं एक मी घातलं. माझ्या हातानं अडलंय, तर मीच जानार. ही पोर कावून जाईल?"

सून दारात उभी होती आणि रडत होती, आवाज न करता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सांगून टाकलं. म्हणाले, मावशी, तुम्हाला नियम माहीत नव्हता, मला माहीत होता. मी बघितलं होतं. मी काढलं नाही.

तिनं गाठ मारणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता चार शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू हातात धरून हुबी व्हतीस तवा मी बगत व्हते. तुला ती द्यावी वाटली, मला बी वाटली. आता रडू नगंस, लई कामं पडल्यात. शेळ्या तुज्याकडं."

सोमवारी सकाळी ती ट्रकवर चढली. दोघांनी खालून उचललं आणि लेकानं वरून ओढलं. वर गेल्यावर तिनं पदर सावरला आणि मला ओरडून सांगितलं, की धाकट्या शेळीला दुपारी सावलीत बांध.

खोकी सुटली ती दिवाळी होऊन गेल्यावर. गोधड्या विकल्या, चांगल्या विकल्या, पुढचा माल मागितला. मी फोन करून मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. त्यात आनंद होता का थकवा, ते मला कळलं नाही. नुसता एक महिना आधी सुटली असती, तर ती आत्ता अंगणात बसलेली असती. हा हिशोब मी कधीच कुणापुढे मांडला नाही, पण माझ्या मनातून तो गेलेला नाही.

पौषात बीडच्या दवाखान्यात सुनेला मुलगी झाली. मी बरोबर होते. पोरगी लहानशी, पण आवाज खणखणीत. मी तिथूनच मावशीच्या लेकाला फोन लावला. त्यानं तो आईच्या कानाला लावला असावा, कारण मला तिचा श्वास ऐकू आला. तिच्या मागे कोयत्यांचा आवाज चालला होता, खट खट, खट खट, टोळीतल्या सगळ्यांचा.

"मावशी, नात झाली. दोघी बऱ्या हायेत."

ती म्हणाली, "आयकू दी."

मी फोन बाळाच्या तोंडाजवळ नेला. नेमकी त्याच वेळी पोरगी रडायची थांबली, मग सुनेनं तिच्या तळपायावर हळूच टिचकी मारली आणि तिनं टाहो फोडला. पलीकडून मावशी कुणाला तरी ओरडली, "थांबा गं! कोयते थांबवा समदे!"

आणि तिकडचा आवाज खरंच थांबला. सगळा फड ऐकत होता. बाळ रडत राहिलं, आणि त्या रडण्याखाली, अगदी बारीक, मला मावशीचंही रडणं ऐकू येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग मुकादमाचा आवाज आला आणि एकेक कोयता पुन्हा चालू झाला. फोन मात्र तिनं ठेवला नाही.