फाटकावरची बाई

"तुझा हात फिरतोय म्हणून गुदगुल्या होत्यात व्हय आम्हांला?"

"हळू बोल, सुले. दिवाणजी ऐकतोय."

"ऐकू दे की. भावकूचा हात फिरायचा तवा निदान शिव्या तरी देता येत हुत्या. तुला काय देऊ, तानाक्का? हळदीकुंकू?"

दुपारची सुट्टी होती. निपाणीतल्या त्या तंबाखूच्या वखारीमागं, लिंबाखाली, बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. चटणी पुढं सरकवायचं विसरून सगळ्या ऐकत होत्या.

तानीबाईनं तोंडातला घास गिळला. "मागणी आपलीच हुती. बाप्यानं अंगाला हात लावायचा न्हाय, झडती बाईनंच घ्यायची. तूच माझ्यापरीस मोठ्यानं वरडत हुतीस."

"वरडत हुतो सगळ्याच. खरं, झडतीच नको म्हणायचं एकीच्याबी डोस्क्यात कसं आलं न्हाय गं?"

तानीबाईनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. न्हाणं यायच्या आधीपासून ती या वखारीत. लगीन झालं, पोरं झाली, नवरा गेला. हातातली चाळण काही सुटली नाही. तंबाखूचा खकाणा नाकात, भाकरीत, अंथरुणात. संध्याकाळी सुटताना रखवालदार भावकू चोरी धरायच्या नावाखाली मनाला येईल तिच्या ओच्यात, चोळीत हात घालायचा आणि दिवाणजी पान चघळत बघत बसायचा. एका संध्याकाळी तानीबाईनं भावकूचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी चाळण्या थंड. बायका रस्त्यावर बसल्या. बौद्धवाड्यातल्या तानीबाईच्या फडक्यातली भाकरी मराठ्यांच्या सुलाबाईनं मोडून खाल्ली, तिथनं दोघींचं जमलं. शेवटी मालक नमला. युनियनवाल्यांनी तानीबाईला हार घातला.

मालक पक्का. बाईच पाहिजे ना, मग तुमचीच पुढारीण घ्या, म्हणाला. फाटकापाशी तानीबाईला स्टूल मिळालं. हुकूमही मिळाला: एकूण एक बाई तपासायची. भावकूच्या वेळी निम्म्या बायका सुटायच्या; संप जिंकल्यापासून एकही सुटत नव्हती. पण स्टुलावर मोकळी हवा होती. तानीबाईची वर्षानुवर्षांची खोकल्याची ढास थांबली. आडवं पडून झोप यायला लागली. हे मात्र ती कुणाला बोलली नव्हती.

"परवा युनियनच्या सभेत बोलणार हाईस म्हणं," सुलाबाई फडकं झटकत उठली. "संपानं काय मिळालं, ते. स्टूल मिळालं म्हणून सांग."

कुणी हसलं नाही.

संध्याकाळी रांग लागली. "लगू लगू चला," दिवाणजी म्हणाला. तानीबाई एकेकीच्या कमरेवरनं हात फिरवत होती, नजर जमिनीला लावून. सुलाबाई पुढं आली. हात वर करून उभी राहिली. तानीबाईची बोटं ओच्यापाशी गेली आणि थांबली. गाठ होती. मूठभर तंबाखू, मिश्री भाजायला होईल एवढी. सुलाबाईनं ती लपवलीसुद्धा नव्हती.

दाखवली तर सुलाबाईचं काम गेलं. सोडली आणि कळलं, तर तानीबाई पुन्हा खकाण्यात.

"का गं तानी, थांबलीस का? हाय का काय?" दिवाणजीनं विचारलं.

कडेला बिडी ओढत बसलेला भावकू हसला. "मी येऊ मदतीला?"

"सांग की, तानाक्का," सुलाबाई हळूच म्हणाली. आता तिचा आवाज दुपारसारखा नव्हता.

तानीबाईनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघितलं. ती गाठ बोटानं आत, खोल सारली. मग वळून स्टुलाखालची आपली पिशवी उचलली.

"तानी, तुला इचारतोय मी."

तिनं पदर खांद्यावर सारखा केला. सुलाबाईचे हात अजून वरच होते. तिच्या बाजूनं, भावकूच्या पुढ्यातनं, तानीबाई फाटकाबाहेर चालत गेली.