दगडूच्या डोळ्यांचं माप

परळच्या एका इस्पितळात मेलेल्या माणसांचे अवयव बरण्यांत जपून ठेवायची खोली होती, आणि तिथला हमाल दगडू म्हणजे भलताच तोऱ्याचा गडी. अवयव कुजू न देणाऱ्या कडक फॉर्मलीनमध्ये पाणी घालून ते बेताचं करायचं काम त्याचं. मापाचं भांडं होतं, पण ते वापरतो कोण? दगडू घमेल्यावर तोंड नेई. डोळ्यांना पाणी आलं की औषध बरोबर. सगळे हमाल असंच करत.

छप्पनच्या जानेवारीत करी रोडच्या चाळीतला त्याचा शेजारी दत्ताराम गेला. जन्मभर गिरणीत कापसाची धूळ खाल्लेला माणूस. त्याची बायको कौसल्या रडत रडत डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांचं फुफ्फुस ठेवून घ्या. धुळीनं काय होतं ते शिकणाऱ्या पोरांना दिसू दे." ते कुजलं असतं, तर त्या बाईने मन एवढं घट्ट केलं ते सगळं वाया.

त्याच दिवशी लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. अश्रुधुराचं नळकांडं दगडूच्या पायाशीच फुटलं. तसाच डोळे चोळत तो कामावर आला, घमेल्यावर वाकला. धारा लागल्या! "झकास कडक झालंय," म्हणत त्याने फुफ्फुस आत बुडवलं. अरे बाबा, धारा कशाच्या, हा विचार नको करायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बकुळाबाई औषध तपासायला बसल्या. दगडूचं औषध पाण्यासारखं, त्यात घातलेलं द्रावणही पाण्यासारखं. आणि काय सांगू, दोन्ही मिळून लख्ख गुलाबी! "आता वरून आम्ल सोडायचं," बाई म्हणाल्या. "रंग जितका टिकेल, तितकं औषध कडक." रंग बघता बघता उडाला. म्हणजे औषध अगदीच पातळ!

"बाई, सडलं का हो?"

"थंडीने वाचवलंय. पळ!"

दगडूने मापून नवं औषध केलं. या खेपेला गुलाबी रंग आम्लाला दाद देईना. दगडू हात जोडून बघतच राहिला. बरणीत काय चाललंय ते हा रंग सांगतो! केवढी ही करणी!

तेराव्यानंतर कौसल्या आली. बरणीसमोर उभी राहिली.

"भावोजी, एवढंसंच? ह्याच्यातून ह्ये आरती म्हणायचे नि खालच्या मजल्यावरची माणसं उठून बसायची?"

"ह्याच्यातूनच, वयनी."

तिने पदर सारखा केला आणि काचेला कान लावला.