कौल घेणाऱ्या बाई

गावच्या गुरवानं जन्मात लावले नसतील एवढे कौल आमच्या वरच्या खोलीतल्या बाई एका आठवड्यात लावतात. बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात. मोबाईलवर प्रश्न टाकायचा, ज्याला जे वाटेल त्यावर त्यानं बोट दाबायचं, हा त्यांचा कौल. उद्या वर्गात टाकायचा प्रश्न आज आमच्या पायरीवर आजमावायच्या. मी आणि आमच्या हिनं शेवटचं मिळून काही केलं तेही हेच. मेथी निवडता निवडता बाईंच्या मोबाईलवर बोट दाबलं. 'इंग्रजी बोलताना भीती कशाची?' मी दाबलं 'चुकेल', हिनं 'हसतील'. वर म्हणाली, "ह्यांना कसली आलीय भीती! हे मराठीबी चुकत्यात." दुसऱ्याच पहाटे गेली. झोपेतच.

बाईंना कौलाशिवाय करमत नाही. पाण्याची टाकी कधी धुवायची, मांजराचं नाव काय ठेवायचं, सगळ्याला कौल. भाजीवालीपुढं मोबाईल धरला, वांगी भरायची का भाजायची? ती म्हणाली, "बाई, आधी घ्या तरी!"

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. 'अगं' म्हटलं की ती, 'अहो' म्हटलं की मी. ती गेल्यावर भेटायला आलेल्यांपुढं तिला काय म्हणावं तेच कळेना, मी आपला चहा पुढं करायचो. कळंबला तिची थोरली बहीण, आक्का, डोळ्यानं अधू, घराबाहेर निघवत नाही. तिचे निरोपावर निरोप, "दाजी, माझी भन कशी गेली ते येऊन सांगा." माझा पाय उचलेना. तिथं जाऊन तोंडातून काय काढू?

एक दिवस बाई म्हणाल्या, "आबा, माझ्या वर्गात चला. बोलायचं नाही, नुसतं बसायचं."

गेलो. इंदापूरकडची एसटीनं येणारी पोरं. बाईंनी तोंडी विचारलं की सगळ्या माना खाली. मग बाईंनी मशीनच्या उजेडानं भिंतीवर प्रश्न टाकला, 'आठवण कुणाची येते? एक शब्द लिहा.' पोरांनी मोबाईल काढले, लिहिलेलं भिंतीवर उमटलं आणि भिंत बोलायला लागली! लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसते शब्द. जो जास्त जण लिहितील तो फुगत जातो. मदर, होम, आणि मधेच बफेलो. वर्ग खदखदला. पण आणखी कुणीकुणी तेच लिहिलं असणार, म्हैस भिंतीवर वाढतच चालली. तशी मागची एक पोरगी उभी राहिली. अडखळत, पण इंग्रजीत बोलली, "मॅडम, माय बफेलो. वी सोल्ड. शी नोज माय व्हॉइस." कुणी हसलं नाही. मी चौथी शिकलेला, शेजारच्या पोरानं अर्थ सांगितला. अंगावर काटा आला. देवळात आला नव्हता असा.

मी बाईंचा मोबाईल मागून घेतला. एकेक अक्षर हुडकत लिहिलं. भिंतीच्या कोपऱ्यात बारकं उमटलं, शेवंता.

कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. बाईंनी एकदाच मोठ्यानं वाचलं आणि पुढं शिकवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कळंबला गेलो. आक्का दारातच बसलेली. चाहूल लागली तशी मान वर केली, "कोण हाय?"

म्हटलं, "शेवंताचा नवरा."