पुतळाबाईंच्या हातातला धागा

आमच्या अंबडच्या विहारातले भन्ते सुमनसार चीवर घेण्याआधी फिटर होते, नाव सावळीराम. निवृत्त झाले, बायको वारली, आणि उरलेले दिवस शांतपणे जावेत म्हणून भिक्खू झाले. शांतता कसली डोंबलाची! सकाळपासून दारात माणसं. पोराला नोकरी नाही, सून नांदत नाही, भन्ते, धागा बांधा.

परित्राण पाठानंतर मनगटाला पांढरा धागा बांधतात, तो मंगलकामनेचा. पण शेजारच्या पुतळाबाईंचा नातू तो बांधल्यावर नोकरीला लागला आणि त्यांनी वस्तीभर डांगोरा पिटला. जेवणाचा डबा विहारात ठेवताना मी एकदा भन्तेंना सुनावलंच, "हे भिक्खूचं काम नव्हे."

"कळतं गं छाया. गंडेदोरे करून पोट भरू नये, हे बुद्धांनीच सांगितलंय. पण नाही म्हटलं की तासभर समजवावं लागतं. धागा मिनिटात होतो. थकलोय मी."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

मग पुतळाबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. आता त्यांच्याही मनगटाला धागा होता ना! पायाचं बोट काळं पडलं, ते काढावं लागलं. भन्ते आणि मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर बाईंनी हात पुढे केला.

"भन्तेजी, धागा जुना झाला व्हता. नवा बांधा."

भन्ते खाली बसले. "धाग्यानं काही होत नाही, पुतळाबाई. मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

बाईंनी हात काही मागे घेतला नाही.

घरी आल्यावरही गोळी घेईनात. भन्ते रोज अकराला भिक्षापात्र घेऊन त्यांच्या दारात. "आधी गोळी, मग भिक्षा."

"आधी धागा," बाई म्हणायच्या.

बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. तीन दिवस भन्ते उपाशी परतले. माझा डबाही घेईनात. चौथ्या दिवशी बाराला पाच मिनिटं राहिली तशा बाई रडायलाच लागल्या. "म्हातारं माणूस उपाशी ठिवल्याचं पाप नको बाई मला!" म्हणत त्यांनी गोळी गिळली आणि पात्रात भाकरी टाकली. भन्ते ओट्यावरच घाईनं जेवले.

"आता रोज येणार का?" बाईंनी विचारलं.

"रोज."

"त्यापरीस धागा बांधणं सोपं नव्हतं का?"

"सोपंच होतं," भन्ते म्हणाले. "म्हणून तर बांधत होतो."