ठप्पे पडलेली चांदी

"कडेला धर. तोंडाला बोट लावायचं नाही." नाणं हातात देण्यापूर्वी काका हे दर वेळी बजावत. न्यू जर्सीत, पार्सिपनीला मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी त्यांनी हे सांगितलं. पुढे चार वर्षं, मी जणू कालच आलोय अशा थाटात सांगतच राहिले.

नाणी स्पेनच्या राजाची, मेक्सिकोत पाडलेली. दोनेकशे वर्षांपूर्वी ती जहाजांतून चीनला गेली. तिथला व्यापारी चांदी खरी आहे का ते तपासायचा आणि पटली की आपला बारीकसा ठप्पा ठोकायचा. मग पुढचा व्यापारी, पुन्हा ठप्पा. राजाच्या गालावर, नाकावर, कुठेही. इथले बरेच संग्राहक असली मार खाल्लेली नाणी बाजूला सारत. काका नेमकी तीच आणत.

"ह्यानं पारखलं बघ," ते भिंगातून बघत म्हणायचे. "ह्यानंही. कुणी परत पाठवलं नाही."

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्याकडे चहाला गेलं की दोन तास मोडतात. आम्ही इथले मराठी लोक सगळे काकांना टाळायचो. मीसुद्धा; खोटं कशाला बोलू?

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा टेक्ससला, अर्विंगमध्ये. रविवारी फोन यायचा, पण तो स्वतः तीन वर्षांत फिरकला नव्हता. अशात नाणेसंग्राहकांच्या मंडळानं वार्षिक प्रदर्शनात काकांना एक टेबल दिलं. काकांनी मुलाला कळवलं आणि तो चक्क येतो म्हणाला. तिकीटसुद्धा काढलं. त्या महिन्यात काका दोनदा केस कापून आले.

फोटो काढण्यासाठी त्यांनी निवडक चोवीस नाणी माझ्याकडे दिली. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवून कामाला गेलो. लक्ष्मीपूजन होतं, पण ऑफिसला कुठली दिवाळी? आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. संध्याकाळी दार उघडलं तर पूजेच्या ताटात चोवीसच्या चोवीस नाणी लखलखत होती. पांढरं दंतमंजन आणि जुना टूथब्रश.

"किती काळी पडू दिली होती रे त्यांनी!" आई म्हणाली. "घरात बाईमाणूस नसलं की असंच."

जुनं नाणं कधी घासत नाहीत. तो काळेपणा म्हणजेच त्याचं वय. तो गेला की जाणकार त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी काकांना बोलावलं. ते ताटापाशी उभे राहिले, एक नाणं उचललं, परत ठेवलं. मग आईला म्हणाले, "वहिनी, फार दिवसांनी असं पूजेला बसायला मिळतंय." आणि आरतीला टाळ्या वाजवत शेवटपर्यंत थांबले.

मी त्यांना पोचवायला वर गेलो. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. "शो कॅन्सल झाला रे," एवढं ऐकलं आणि मी संकोचून बाहेर जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी ते दारात आले. "त्याला तिकीट कॅन्सल करायला सांगितलं. वहिनींना मात्र काही बोलू नकोस हं."

त्या मुलाचा मला भयंकर राग आला. प्रदर्शन नाही, तर बापही नाही? त्यानंतर मी दर रविवारी वर जायला लागलो. माया होतीच, पण खरं सांगायचं तर अपराधी जास्त वाटायचं.

२००८च्या हिवाळ्यात काका गेले. मुलगा आला, हुबेहूब त्यांच्यासारखा, खांदा एका बाजूला पाडून चालणारा. सामान आवरताना तो ती चकचकीत नाणी न्याहाळत बसला. मला राहवलं नाही. आईच्या दंतमंजनाची सगळी हकिगत मी त्याला सांगून टाकली.

त्यानं हातातलं नाणं खाली ठेवलं.

"बट आय टोल्ड हिम," मग म्हणाला. "शो नसला तरी मी येतो, असं म्हटलं होतं मी. दोनदा म्हटलं. बाबा म्हणाले, शोच नाही, मग एवढ्या लांब येऊन तू बघणार काय?"