ग्वाल्हेरहून आणलेला ट्रेलर

फलटण सोडताना बायकोने दशम्यांचा डबा हातात दिला आणि बजावलं, "तिथं जाऊन वन्संना शहाणपण शिकवत बसू नका. ट्रेलर जोडा आणि या." न मागता सल्ला द्यायची मला खोड आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी मात्र द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

वन्सं म्हणजे माझी धाकटी बहीण कुंदा. तिला ग्वाल्हेरला दिली तेव्हा आमच्या आईने "एवढ्या लांब?" म्हणून डोळ्याला पदर लावला होता. सासरची माणसं मराठीच, पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत गेले आणि तिकडचेच झाले. तिचे यजमान, आमचे दाजी, लग्नसराईत जनरेटर भाड्याने द्यायचे. चार चाकांच्या ट्रेलरवर जनरेटर बसवलेला, आणि तो ओढायला त्यांची पिकअप. गेल्या थंडीत दिवस मावळताना बायपासवर ते गाडी थांबवून खाली उतरले आणि ट्रेलरच्या मागे गेले. तेवढ्यात मागून दुधाची गाडी आली आणि दाजी मध्ये चेंगरले. जागच्या जागी गेले. लोकांच्या वरातींना उजेड देणारा माणूस अंधारात गेला, असं दिवसकार्याला कोणीतरी म्हणालं. मला त्या माणसाच्या मुस्कटात मारावीशी वाटली होती.

दुधाच्या गाडीवरचा पोरगा मुरैन्याकडचा. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, ट्रेलरला बत्ती नव्हती, मला दिसलाच नाही. कुंदा सांगत होती, बत्त्या लागलेल्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात. ट्रेलरचे मागचे दिवे धडकेत चक्काचूर झालेले, त्यामुळे खरं कोण बोलतंय हे सांगणारं काही उरलं नव्हतं. आता कोर्टात तिची साक्ष होती. पंचनामा, फोटो सगळं होऊन ट्रेलर घरी आला होता आणि तो घेऊन जायला कोर्टाची परवानगीही मिळाली होती. "दादा, ते धूड माझ्या दारातून ने," एवढंच ती फोनवर म्हणाली.

माझी पिकअप रोपवाटिकेची. रोपं वाहायला घेतलेली, तिला कंपनीकडून ना हूक, ना ट्रेलरच्या दिव्यांचं कनेक्शन. हूक आमच्या लोहाराकडून पक्का वेल्ड करून घेतला. वायरिंगचं तिकडेच बघू म्हटलं.

धुळं, सेंधव्याचा घाट, इंदूर. इंदूरच्या अलीकडे सकाळी पोहे खाल्ले. वर शेव, बडीशेप आणि डाळिंबाचे दाणे. एरवी मी दुसरी प्लेट घेतली असती. शेजारच्या ट्रकवाल्याने माझा हूक पाहून चौकशी केली. दिव्यांचं काम करून घ्यायचंय म्हटल्यावर तो हसला. "अरे भाई साहब, बत्ती-वत्ती कौन देखता है. पीछे लाल कपड़ा बाँध लो." त्याच्या ट्रकच्या मागे लाल कपडाच बांधलेला होता, तोही धुराने काळा पडलेला.

गुना गावानंतर दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली होती. शिवपुरीपासून धुकं सुरू झालं आणि तो पिवळा रंगही पुसला गेला. पुढची गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसायची. दाजींच्या शेवटच्या संध्याकाळी असंच असेल, हा विचार डोक्यातून जाईना. कडेला थांबायची मला भीती वाटत होती, म्हणून चहालाही न थांबता ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिरलो.

कुंदाचं घर नई सडकच्या मागच्या गल्लीत. दारात ट्रेलर होता, जनरेटरवर ताडपत्री बांधलेली. तिने ट्रेलरकडे पाठ करून माझं स्वागत केलं. तिची मुलगी रेवा कॉलेजात आहे. ती पाया पडली आणि म्हणाली, "मामा, ठंड बहुत आहे ना? चला, अंदर चला." तिचं मराठी असंच, अर्ध्या वाटेत हिंदीला जाऊन मिळणारं. रात्री जेवताना कुंदा म्हणाली, "तीन दिवसांनी माझी साक्ष आहे. तो मुलगा खोटारडा आहे, दादा. स्वतः झोपला असेल आणि नाव यांचं घेतो." मी मान डोलावली. माझंही तेच मत होतं.

एक गोष्ट मात्र तिला कधी उमगली नव्हती. "हायवेवर ते खाली कशाला उतरले? लोक म्हणतात तंबाखू मळायला. अरे, तंबाखू तर ते गाडीत बसूनच खायचे."

सकाळी पाटणकर बाजाराच्या तोंडाशी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि आलूची झणझणीत भाजी खाल्ली आणि ट्रेलरची पुढची कडी हुकाला लावून तो हळूहळू इंदरगंजच्या पुढे बनवारी मिस्त्रीकडे नेला. रेवाच्या स्कूटीवर कुंदाही आली. मी नको म्हटलं होतं. "बत्त्या मी पाहीन," ती म्हणाली. "यांच्या वेळीही मीच पाहायचे."

बनवारी मिस्त्री बडबड्या माणूस. त्याने पिकअपच्या मागच्या दिव्यांच्या वायरी सोलल्या, टेस्ट लॅम्प लावून ब्रेकची कुठली आणि इंडिकेटरची कुठली ते शोधलं, आणि एकेकीला जोड देऊन हुकाजवळ सात पिनांचं सॉकेट बसवलं. ट्रेलरला नवे दिवे लावले. ट्रेलरकडून येणारी वायर आणि तिचा प्लग दाजींच्या वेळचाच ठेवला. प्लगमधल्या एका पिनला वायरच नव्हती. मी विचारलं, ही रिकामी कशी?

"ये अर्थिंग की है. सबकी खाली रहती है," तो म्हणाला. "अर्थिंग तो बॉडी से मिल जाती है. कड़ी हुक में, हुक गाड़ी में, हो गया काम. यहाँ सब ट्रॉलियाँ ऐसे ही चलती हैं."

मला पटलं. रोपवाटिकेच्या मोटरीसाठी मी वायरमनशी तासन्‌तास वाद घालतो, पण इथे एक शब्द बोललो नाही. लोखंडाला लोखंड लागलंय, मग अडचण काय?

मग कुंदा ट्रेलरच्या मागे जाऊन उभी राहिली. मी आत बसलो. तिचा आवाज आला, "लेफ्ट दे. आली. राइट दे. आली. ब्रेक दाब. हो, जळतेय." हे सगळं अगदी सरावाने झालं. दाजी घराबाहेर पडताना ती रोज हे करायची. गॅस बारीक करून, हात पुसत बाहेर यायची, तिन्ही दिवे पाहायची आणि मग दाजी गाडी काढायचे. या घराची ती पद्धतच होती. बाजूला येऊन ती म्हणाली, "बघितलंस? त्या दिवशीही अश्शाच जळत होत्या. मी पोलिसांना हेच सांगितलं."

काम संपेपर्यंत उन्हं उतरली होती आणि धुकं जमायला लागलं होतं. मी दिवे लावून पुढे निघालो, मागे स्कूटीवर रेवा आणि कुंदा. इंदरगंजच्या गर्दीतून सुटून जरा मोकळ्या रस्त्याला लागलो, एका गतिरोधकावरून गाडी उडाली, आणि मागून स्कूटीचा हॉर्न सुरू झाला. रेवा शेजारी येऊन ओरडली, "मामा, रुका! बत्त्या गेल्या!"

मी थांबलो आणि उतरून मागे गेलो. दिवे लागलेले होते, दोन्ही लालभडक. मी रेवावर चिडलो. "काय गं, चष्मा लागलाय का तुला?"

कुंदाने दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा चालव."

पुन्हा चालवली. खड्डा आला, हॉर्न वाजला. थांबलो, तर दिवे हजर. "पुन्हा," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी थांबल्यावरही दिवे आले नाहीत. मी वाकून हुकातली कडी हलवली, तेव्हा एकदम आले. कडीला ग्रीस होतं, थोडा गंजही. कडी हुकात नीट टेकली की दिवे लागायचे, गाडी उसळून कडी सुटी झाली की जायचे. त्या रिकाम्या पिनला एक वायर असती, तर कडीवर काहीच अवलंबून राहिलं नसतं. दारात गाडी उभी असायची, कडी टेकलेली असायची. कुंदाला दिवे रोज दिसायचे ते खरे होते. रस्त्यावरचे तिला कोण दाखवणार?

ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. तिने शाल डोक्यावरून घेतली होती.

"मागून काही दिसत नव्हतं रे दादा," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं पुढे ट्रेलर आहे. तरी मला दिसत नव्हता."

मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कोणीतरी हात करून सांगितलं असेल त्यांना, बत्ती नाही म्हणून. त्यासाठी उतरले ते. मागे जाऊन बत्त्या बघायला." आणि मग ती रडली. वर्षभरात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती, बघू देत.

घरी आल्यावर रेवाने आईचा हात धरला. "मम्मी, कोर्टात हे काही बोलायचं नाही. सब पापा की गलती हो जाएगी. तू जे पाहिलंस तेच सांग ना, झूठ थोडी आहे ते?"

पोरीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाप गेला, आता त्याचं नावही जायचं. आणि खरंच, कुंदाने पाहिलेलं खोटं नव्हतं. मला विचारलं असतं, तर मी गप्प राहा म्हणालो असतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनात तेच होतं. कुंदाने मला विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बनवारीकडे गेलो. त्याला चार शब्द सुनवायचं ठरवून गेलो होतो. झालं ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मरने वाले की भी ऐसी ही थी?" मी हो म्हटलं. मग त्याने पाना उचलला. ट्रेलरचा सांगाडा घासून त्याने अर्थिंगची जाड वायर बोल्टने कसली, प्लगच्या रिकाम्या पिनला जोडली, पिकअपच्या बाजूनेही तसंच केलं. मी ट्रेलर मुद्दाम खड्ड्यांतून फिरवून आणला आणि तो मोटरसायकलवर मागे आला. दिवे एकदाही विझले नाहीत. माझे चार शब्द मनातच राहिले. मला तरी कुठे कळलं होतं?

कोर्टात गर्दी होती. तो पोरगा एका बाजूला उभा होता, मिशीही नीट फुटलेली नव्हती. सरकारी वकिलांनी कुंदाला विचारलं, त्या दिवशी ट्रॉलीच्या बत्त्या जळत होत्या का. तिने पदर सावरला.

"मेरे दरवाज़े से निकली तब जल रही थीं. मैंने देखीं," ती म्हणाली. "पर चलते में बुझ जाती थीं. ये मुझे परसों पता चला. मेरी आँखों के सामने बुझीं."

वकील गडबडले. त्यांनी तोच प्रश्न फिरवून विचारला, तिने तेच उत्तर दिलं. प्लगची पिन रिकामी होती, हेही सांगितलं. रेवा माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती.

बाहेर आलो तर त्या पोराची आई धावत आली आणि कुंदाच्या पायाशी वाकली. कुंदाने पाय मागे घेतले. "पैर मत छुओ अम्मा. मेरा आदमी तो गया ना." मला वाटलं होतं ती त्या बाईला जवळ घेईल. तिने घेतलं नाही, पोराकडेही पाहिलं नाही. घरी येईपर्यंत रेवा आईशी बोलली नव्हती. केसचा निकाल अजून लागायचा आहे. पोराचा वेग किती होता, ते कोर्ट बघेल.

मी निघालो त्या सकाळी रेवाने माझ्या सीटवर गजकचा, म्हणजे तिळाच्या वड्यांचा, पुडा ठेवला. कुंदा सवयीने ट्रेलरच्या मागे जाऊन उभी राहिली. लेफ्ट, राइट, ब्रेक. ट्रेलर दारातून गेल्यावर तिथली जागा कशी दिसते, ते बघायला ती थांबली नाही. आत गेली आणि दार लावलं.

शिवपुरी, गुना. मोहरी तशीच, धुकं कमी. वाटेत एकच विचार मनात घोळत होता. आपण ज्याला डोळ्यांनी पाहिलेलं म्हणतो, ते दारापुरतंच असतं. कुंदाने रोज दिवे पाहिले, इतक्या मायेने पाहिले, आणि तरी तो माणूस वाचला नाही. यात कोणाला दोष देऊ? दाजींना, मिस्त्रीला, त्या पोराला? मला कोणीच सापडत नव्हतं, आणि त्याचाच राग येत होता.

ब्यावऱ्याच्या पुढे दिवस मावळला. मनात शंका आली, गाडी कडेला घेतली, उतरलो आणि मागे गेलो. दोन्ही दिवे जळत होते. कडीला हात लावून हलवली, पुन्हा मागे येऊन वाकून पाहिलं, तरी जळत होते. आणि मग लक्षात आलं, मी रस्त्याकडे पाठ करून वाकलोय, दाजी वाकले असतील अगदी तसाच. मी झटकन सरळ झालो. मागून ट्रक येत होता. त्याने लांबूनच बाजू घेतली आणि हॉर्न देऊन निघून गेला.

गाडीत फोन वाजत होता. कुंदा होती.

"बत्त्या जळतात ना, दादा?"

"जळतात."

"तुला कसं ठाऊक?"

"आत्ताच उतरून पाहिल्या."

मग म्हणाली, "आता घर येईपर्यंत उतरू नकोस."